शेगावची खोली आणि सगळ्यात वरची ओळ

शेगावला दर्शनाला जायचं ठरलं की हल्ली आधी मोबाइलवर ‘शेगाव भक्तनिवास’ शोधलं जातं, आणि पहिल्या ओळीवर चटकन बोट पडतं. जरा थांबा. त्या ओळीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलं असेल, तर ती जागा पैसे मोजून घेतलेली असते. आपण शब्द टाकताच तिथे जाहिरातींचा लिलाव होतो, क्षणार्धात संपतो. बोली लावणारा खरा की तोतया, हे ओळ पाहून कळत नाही.

एप्रिल २०२५मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने हाच इशारा दिला होता. खोली, गाडी, तीर्थयात्रेची सहल अशा बुकिंगच्या नावाखाली बनावट संकेतस्थळं आणि विकत घेतलेल्या जाहिराती भाविकांना गाठतात.

मला पैशांपेक्षा बुकिंगसाठी दिलेल्या आधार कार्डाची काळजी जास्त वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आजीच्या आधारचा फोटो परत घेता येत नाही. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसायला लावण्याची तरतूद आहे; पण समोरच्याचा पत्ताच नसेल, तर मागणी करायची कुणाकडे? कागद द्यावाच लागला, तर शेवटचे चारच अंक दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्या.

आणि पैसे गेलेच, तर संकोच न करता लगेच १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली, तर ते पैसे गोठवता येऊ शकतात.