रक्तदाबाची आगाऊ वर्दी



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'रक्तदाब' एवढेच कळविले. त्यावर त्यांच्यापैकी एकांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, यात नवे काय सांगणार? मीठ कमी खा, चिंता करू नका, हेच ना?" प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. म्हणून आज त्याच्या थोडे अलीकडचे सांगावे असे योजिले आहे. दाब वाढण्याच्या आधी दोनचार वर्षे माणसाच्या रक्तात काही फरक पडलेला असतो काय, आणि असल्यास आपणां वऱ्हाडवासीयांना त्याचा काय उपयोग, हा माझा आजचा विषय.

आपण भाकरी खातो, पिठले खातो. पोटात गेल्यावर त्यांची हजार प्रकारे मोडतोड होते, नवी जुळणी होते, काही जळते, काही उरते. या कारखान्याचा माल आणि कचरा, दोन्ही एकाच रस्त्याने वाहतात. तो रस्ता म्हणजे रक्त. साखर, युरिया, युरिक अॅसिड, क्रिएटिनिन ही त्यातलीच नावे. चयापचयातून निर्माण होणारी अशी शेकडो द्रव्ये आज थेंबभर रक्तातून मोजता येतात.

रक्तातील द्रव्याचा आणि दाबाचा संबंध असावा, ही शंका मात्र जुनी आहे. लंडनच्या गायज रुग्णालयात फ्रेडरिक अकबर महोमेद नावाचे एक तरुण डॉक्टर होते. नाव ऐकून आपण चमकला असाल. त्यांचे आजोबा शेख दीन महोमेद मूळचे पाटण्याकडचे. विलायतेत जाऊन त्यांनी ब्रायटन येथे स्नानगृह थाटले होते. या नातवाने नाडीचा आलेख काढणारे यंत्र सुधारले आणि 1870 नंतरच्या दशकात दाखवून दिले की, मूत्रपिंड बिघडल्याची कोणतीही खूण लघवीत नसतानाही माणसाचा दाब चढलेला असू शकतो. रक्तात साचणारे एखादे द्रव्य याच्या मुळाशी असावे असे त्यांना वाटे, आणि युरिक अॅसिडवर त्यांचा संशय होता. हा बुद्धिमान माणूस 1884 साली पस्तिसाव्या वर्षी विषमज्वराने गेला. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची रिवा-रोच्ची यांची युक्ती निघाली 1896 साली.

आता शंका खरी की खोटी, हे ठरवायचे कसे? आपल्या या गावात म्हाइंभटांनी लीळा जमविल्या. ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांना गाठून, विचारून, ताडून पाहून त्यांनी त्या लिहिल्या. घडून गेलेल्या गोष्टीचा शोध घेण्याचा तो उत्तम मार्ग. पण रोगाच्या बाबतीत तो फसवा ठरतो. दाब वाढलेल्या माणसाचे रक्त तपासले आणि एखादे द्रव्य जास्त आढळले, तर ते दाबामुळे वाढले, की त्याच्यामुळे दाब वाढला? चोर आणि पंचनामा करणारा शिपाई दोघेही एकाच घरात सापडतात! म्हणून निरोगी माणसांचे रक्त आधी घेऊन ठेवायचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी 1948 साली 5,209 माणसांवर असे काम सुरू झाले, आणि पुढे त्यांची मुलेबाळेही त्यात आली.

या दुसऱ्या पिढीतील 1,688 लोकांचा, ज्यांचा दाब वाढलेला नव्हता अशांचा, अभ्यास डॉ. रामचंद्रन वासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केला. अल्डोस्टेरोन नावाचा एक अंतःस्राव आहे; मीठ बाहेर टाकू नका, धरून ठेवा, असा निरोप तो मूत्रपिंडांना देतो. ज्यांच्या रक्तात तो सर्वांत अधिक होता त्यांना, सर्वांत कमी असलेल्यांच्या मानाने, पुढील चार वर्षांत रक्तदाबाचा विकार जडण्याचा संभव दीडपटीहून जास्त ठरला. आणि गंमत अशी की, हे प्रमाण तपासणीच्या कागदावर 'नॉर्मल' म्हणूनच गणले गेले असते. शरीर मीठ घट्ट धरून ठेवीत होते, आणि दाब अजून चढायचा होता.

दुसरा मोठा प्रयत्न 2008 साली प्रसिद्ध झाला. चीन, जपान, इंग्लंड व अमेरिका येथील 4,630 माणसांची पुरी चोवीस तासांची लघवी तपासली गेली. फॉर्मेट नावाचे एक साधे द्रव्य ज्यांच्या लघवीत कमी, त्यांचा दाब अधिक, असे दिसले. अॅलॅनिन अधिक, तर दाबही अधिक. आतड्यातील जंतूंचाही यात हात असावा, असा तर्क निघाला. पण त्या चार देशांत हिंदुस्थान नव्हता, हे विसरू नका. चिनी आणि जपानी माणसांच्या लघवीतही फार फरक आढळला. मग ज्वारी-तुरीवर पोसलेल्या वऱ्हाडी देहाला ते आकडे जसेच्या तसे कसे लागू करावे?

आणि महोमेदांचे युरिक अॅसिड? 2008 सालीच अमेरिकेत दाब वाढलेल्या 30 किशोरवयीन मुलांना ते कमी करणारे औषध चार आठवडे दिले, तेव्हा 20 जणांचा दाब ठिकाणावर आला. नुसत्या खोट्या गोळीवर एकाचाच आला. सव्वाशे वर्षांनी म्हातारा शहाणा ठरला, असे वाटले. परंतु 2021 साली तरुण प्रौढांवरील प्रयोगाचा निकाल आला, त्यात दाब काही उतरला नाही. तेव्हा युरिक अॅसिड थोडे वाढले म्हणून कोणी दाबासाठी त्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नये, आणि तुरीचे वरणही सोडू नये.

आता घराजवळ येऊ. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे, हे मी तुम्हांला सांगायला नको. आपले रिद्धपूर त्याच्या बाहेर, संत्र्यांच्या मुलखात. पण आपल्या लेकी तिकडे दिल्या आहेत, सुना तिकडून आल्या आहेत. तिथल्या विहिरीचे पाणी जिभेला खारट लागते, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. धरणाचे पाणी नळाने बऱ्याच गावांत पोचले, तरी नळ कोरडा पडला की पुन्हा विहीर.

थोडा हिशेब करू. समजा, एका लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ आहे. वैशाखात वावरात राबणारा माणूस दिवसाला पाच लिटर पाणी सहज पितो. म्हणजे पाच ग्रॅम मीठ नुसत्या पाण्यातून गेले! जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या सगळ्या अन्नाला मिळून एवढेच मीठ पुरे म्हणते. त्यावर ठेचा, लोणचे, आणि सध्या घरोघरी अंगणात वाळताहेत ते पापड. पापडखारातही सोडियमच असते, बरे का. घामावाटे काही मीठ जाते, हे खरे. खाऱ्या पाण्यात सगळेच खाण्याचे मीठ नसते, चुना आणि मॅग्नेशियमही असते, हेही खरे. बांगलादेशाच्या किनारपट्टीवर अशा पाण्याचा अभ्यास झाला, त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम अधिक असलेल्या ठिकाणी दाब उलट कमी आढळला. पण त्याच किनाऱ्यावर खारे पाणी पिणाऱ्या गर्भिणींत दाबाचा विकार अधिक दिसला होता. तेव्हा केवळ जिभेवरून निवाडा करता येत नाही. पाण्यात कोणता क्षार किती, हे विहिरीगणिक तपासावे लागते.

काही वर्षांपूर्वी दर्यापूरकडचा एक शेतकरी माझ्याकडे आला. वय चाळिशीच्या आतबाहेर. पायांवर सूज होती, म्हणून आला; एरवी आला नसता. दाब पाहिला तर 190 च्या वर. आजवर कधी मोजला होता काय, असे विचारले. म्हणाला, "दुखत काहीच नव्हतं जी, तं कायले मोजू?" त्याचे क्रिएटिनिन तेव्हाच बरेच वाढलेले होते. हे द्रव्य फार उशिरा बोलते. मूत्रपिंडांचे जवळजवळ निम्मे काम थांबेपर्यंत ते फारसे हलत नाही. त्याच्या आधी लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागते, आणि ती तपासणी स्वस्त आहे. मूत्रपिंडामुळे दाब चढतो आणि दाबामुळे मूत्रपिंड झिजते. त्या गृहस्थाच्या बाबतीत सुरुवात कोणी केली, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याचे रक्त दहा वर्षे आधी कोणी घेऊन ठेवले नव्हते.

म्हणून कोणी मला विचारील की, "ती शेकडो द्रव्यांची तपासणी आम्ही करून घ्यावी काय?", तर आज मी नको म्हणेन. ती संशोधकांच्या कामाची. तिच्यावरून तुमचे औषध ठरत नाही. तिशी उलटलेल्याने वर्षातून एकदा दाब मोजावा, तो 140 आणि 90 च्या वर एकाहून अधिक वेळा भरला तर क्रिएटिनिन व लघवी पाहावी, आणि खारपाणपट्ट्यातल्या सोयऱ्याने दाबाची वाट न पाहता लघवी दाखवावी.

मी यंत्र बरोबर आणले आहे. सभा संपल्यावर शेजारच्या खोलीत बसतो. ज्यांना मोजून घ्यायचे असेल त्यांनी यावे. मात्र ज्यांनी आताच चहा घेतला किंवा बिडी ओढली असेल त्यांनी अर्धा तास थांबावे, आणि पट्टा बांधल्यावर माझ्याशी बोलू नये.