छोटे सभागृह, मोठी जबाबदारी

(वर्धापन दिनानिमित्त भरलेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



संयोजकांनी आमच्याकडे सोपविलेला विषय तसा रुक्ष आहे. वायर, बोर्ड, दरवाजा, कुलूप, बादली असल्या गोष्टींवर कोणी टाळ्या वाजवीत नाही. पण वर्षभर आपल्या छोट्या सभागृहांत काय काय होते ते आठवून पाहा. जयंतीचा कार्यक्रम, गायन पार्टी, व्याख्यान, मुलांचे स्नेहसंमेलन, लग्न, साखरपुडा, शोकसभा. जागा दीडशे माणसांची आणि आत माणसे तीनशे. म्हाताऱ्या आया पुढे सतरंजीवर, लेकुरवाळ्या बाया भिंतीच्या कडेला, आणि पोरं स्पीकरच्या खोक्याला टेकून. ही सगळी मंडळी आपल्या निमंत्रणावर विश्वास ठेवून येतात. त्यांना सुखरूप घरी पोचविणे हा कार्यक्रमाचाच एक भाग आहे, असे आम्ही मानतो. आम्ही माईक, दिवे आणि मंडपाची कामे करणारी माणसे. तेव्हा जे हाताखालून गेले आहे तेच सांगतो.

आधी काही घटना सांगतो. कोणाला भिवविण्याचा हेतू नाही. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील मंडी डबवाली या गावी एका शाळेचा बक्षीस समारंभ मंगल कार्यालयात चालू होता. वर सिंथेटिक कापडाचे छत. विजेच्या बिघाडाने छत पेटले आणि जळते कापड खाली बसलेल्यांच्या अंगावर आले. बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. चारशेहून अधिक जीव गेले, त्यात मुले फार. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली. ५९ माणसे मेली, ती मुख्यतः धुराने गुदमरून. बाल्कनीतली जाण्यायेण्याची वाट जास्तीच्या खुर्च्या टाकून बंद केलेली होती. लोकांना सावध करणारी घोषणा झाली नाही, संकटकाळचे दिवेही लागले नाहीत. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेत वेस्ट वॉर्विक येथे गाण्याच्या एका छोट्या ठिकाणी मंचावर शोभेची दारू उडविली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला लावलेल्या फोमने पेट घेतला. दोन मिनिटांच्या आत तेथे उभे राहणे अशक्य झाले. लोक ज्या दाराने आत आले होते त्याच दाराकडे धावले आणि तेथेच अडकले. १०० माणसे गेली. आणि आपल्या मुंबईत, कमला मिलच्या आवारात, २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण मेले.

गावे वेगळी, देश वेगळे, पण सूत्र एकच दिसते. ठिणगी लहान होती आणि वाट अडलेली होती. म्हणून आमचे सांगणे एका ओळीत असे : आधी वाट मोकळी करा, मग वीज ठीक करा, आवाज मोठा करण्याचा विचार सर्वांत शेवटी.

आता वाटेबद्दल. सभागृहाला निदान दोन दरवाजे हवेत आणि ते एकमेकांपासून दूर हवेत. एका भिंतीत शेजारी-शेजारी काढलेले दोन दरवाजे धुराच्या वेळी एकच ठरतात. दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडणारा असावा. आत उघडणाऱ्या दरवाजावर गर्दीचा रेटा आला की तो कोणाच्याने उघडत नाही. आपल्याकडे मागच्या दाराला कुलूप असते, आणि किल्ली कोणाकडे असते? कोषाध्यक्षांकडे. आणि कोषाध्यक्ष कुठे असतात? पाहुण्यांना आणायला स्टेशनवर! हसू नका मंडळी, हे गावोगाव असेच आहे. कार्यक्रम चालू असेपर्यंत कोणत्याही दाराला कुलूप नको, आतून कडीही नको. फुकट्यांची किंवा चोराची भीती वाटत असेल तर दाराशी माणूस बसवा.

दुसरे म्हणजे चपला. आपण जोडे बाहेर काढतो, ते चांगलेच आहे. पण दोनशे जोड चपलांचा ढीग नेमका उंबऱ्याबाहेर पडलेला असतो. घाईत बाहेर पडणारा पहिला माणूस त्यात अडखळला की मागचे त्याच्यावर पडतात. चपलांसाठी दरवाजाच्या बाजूला, चार पावले लांब, फळ्या टाकून जागा करा. मोटारसायकली दारासमोर लावू देऊ नका. गल्लीत कमान उभारताना अग्निशमन दलाचा बंब खालून जाईल एवढी उंची आणि रुंदी ठेवा. बसायची व्यवस्था करताना मध्ये आणि कडेला जाण्यायेण्याची पट्टी सोडा, आणि कितीही गर्दी झाली तरी तेथे खुर्ची टाकू नका. जागा भरली की बाहेर स्पीकर लावून लोकांना बाहेर बसवावे. आत कोंबण्यात मोठेपणा नाही.

आता वीज. आपल्या घरात किंवा सभागृहात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. १६ अँपिअरच्या एका लाइनवर जास्तीत जास्त ३,६८० वॉट भार घालता येतो. हिशेब सोपा आहे. हजार वॉटचे दोन हॅलोजन, हजार वॉटचा अँप्लिफायर आणि ७५ वॉटचे सहा पंखे मिळून ३,४५० वॉट होतात. म्हणजे लाइन भरत आली. त्यातच कोणी चहासाठी दीड हजार वॉटची शेगडी लावली की भार ४,९५० वर गेला. मग एमसीबी पडतो, आणि आपला एखादा हुशार कार्यकर्ता जुन्या फ्यूजमध्ये जाड तार घालून मोकळा होतो. त्या क्षणापासून फ्यूजचे काम वायर करू लागते, म्हणजे वायरच जळते. हॅलोजनऐवजी एलईडी दिवे लावले तर भार आणि उष्णता दोन्ही पुष्कळ कमी होतात. हॅलोजन लावायचाच असेल तर पडद्यापासून निदान एक मीटर दूर ठेवा.

येथे एक गैरसमज दूर करू द्या. एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही, असे पुष्कळांना वाटते. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाच्या छातीतून तीस-चाळीस मिलिअँपिअर प्रवाह थोडा वेळ गेला तरी जीव जाऊ शकतो. एमसीबी वायरला वाचवतो, तो माणसाला वाचवीत नाही. माणसासाठी आरसीसीबी नावाचे यंत्र असते. त्याला कोणी जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. तो ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. कुठेतरी प्रवाह गळतो आहे असे दिसताच तो क्षणार्धात लाइन तोडतो. त्यावर चाचणीचे बटण असते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते दाबून पाहा. लाइन गेली नाही तर यंत्र निकामी आहे असे समजा आणि बदला.

अर्थिंगविषयी तर हात जोडून सांगावेसे वाटते. स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येतो, म्हणून काही माईकवाले प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. आवाज थांबतो हे खरे, पण त्याबरोबर गायकाचे संरक्षणही जाते. अँप्लिफायरमध्ये बिघाड झाला तर त्याच्या लोखंडी पेटीतला करंट वायरीतून माईकच्या जाळीपर्यंत येतो. घामेजलेला हात, अनवाणी पाय आणि ओली फरशी, मग आणखी काय हवे? घुमण्यावर उपाय वेगळा आहे. मिक्सर, अँप्लिफायर, कीबोर्ड या सर्वांना एकाच बोर्डावरून वीज द्या. माईकला तीन पिनांची बॅलन्स्ड वायर वापरा. कीबोर्ड डीआय बॉक्समधून जोडा. पिन मात्र कोणी काढता कामा नये. गायक मंचावर येण्याआधी माईकच्या जाळीला टेस्टर लावून पाहण्याची सवय ठेवा. दिवा पेटला तर कार्यक्रम थांबवून कारण शोधा.

वायरी सतरंजीखालून नेऊ नयेत. पायाखाली वायर सोलली गेली तरी कोणाला दिसत नाही. त्या भिंतीच्या कडेने न्याव्यात, दार ओलांडायचे असेल तर वरून न्याव्यात. गुंडाळलेली लांब वायर तशीच वापरली तर वेटोळ्यात तापते, म्हणून ती पूर्ण उलगडा. उघड्यावर कार्यक्रम असेल तर बोर्ड जमिनीवर ठेवू नका, लाकडी स्टुलावर ठेवा आणि पावसापासून झाका. जनरेटर नेहमी बाहेर, खिडक्यांपासून दूर. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद खोलीत तो झोपेतच माणूस नेतो. चालू जनरेटरमध्ये तेल ओतू नये, आणि तो जोडताना चेंजओव्हर स्विच हवाच. नाही तर आपली वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव धोक्यात येतो.

आता आवाज. छोट्या सभागृहात मोठ्या भिंती लावल्या म्हणजे कार्यक्रम मोठा होतो, हा भ्रम आहे. शब्द स्पष्ट ऐकू येणे हे खरे काम. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला, डोक्याच्या थोडे वर ठेवा. माईक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजणारच. वक्त्याला सांगा, माईकची जाळी मुठीत धरू नका, तोंड जवळ न्या. चालू करताना अँप्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना तो सर्वांत आधी. घुमणारे सभागृह शांत करण्यासाठी स्वस्त फोम लावू नका, वेस्ट वॉर्विकला काय झाले ते आत्ताच सांगितले. स्टँडचे पाय पूर्ण पसरून त्यावर वाळूची पिशवी ठेवा. लहान मुलांना स्पीकरपासून दूर बसवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा ठिकाणांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा सांगितली आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री दहानंतर तो बंद करावा लागतो. शासन वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सूट देते, ते दिवस आधी विचारून घ्या. शेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेची पोरं असतात, हे तर नियमाशिवायही कळायला हवे.

आगीसाठी दाराजवळ एबीसी पावडरचे एक आणि विजेच्या बोर्डाजवळ कार्बन डायऑक्साइडचे एक अग्निशामक ठेवा. काटा हिरव्या पट्टीत आहे ना, ते पाहा. पिन काढायची, तोंड ज्वाळेच्या मुळाशी धरायचे, दांडा दाबायचा आणि डावी-उजवीकडे फिरवायचे. हे दोन महिलांना आणि दोन तरुणांना शिकवून ठेवा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नका, आधी मेन स्विच पाडा. मेणबत्त्या व अगरबत्त्या वाळू भरलेल्या परातीत, पडदा आणि फुलांच्या माळांपासून लांब लावाव्यात. शॉक लागलेल्या माणसाला हाताने ओढू नये. मेन स्विच पाडा, जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्या आणि तोवर दुसऱ्याने १०८ लावावा. आगीसाठी १०१, कोणत्याही संकटात ११२. हे आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही सगळी कामे सर्वांची आहेत असे म्हटले की ती कोणाचीच राहत नाहीत. प्रत्येक कार्यक्रमाला एक माणूस ठरवा. त्याला हारतुऱ्याचे, जेवणाचे, पावत्यांचे दुसरे कोणतेही काम देऊ नका. त्याच्याजवळ बॅटरी, शिट्टी आणि सगळ्या किल्ल्या असाव्यात. मेन स्विच कुठे आहे हे त्याला अंधारातही सापडले पाहिजे. कार्यक्रमाआधी तासभर तो दोन्ही दरवाजे स्वतः उघडून पाहील. कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार त्याला द्या, आणि त्याने थांबविला तर अध्यक्षांनीही ऐकावे. सूत्रसंचालकाने सुरुवातीला एवढेच म्हणावे : "एक दरवाजा समोर आहे, दुसरा उजव्या हाताला आहे, काही झाले तर जवळच्या दाराने शांतपणे बाहेर पडा." अर्ध्या मिनिटाचे काम आहे. पाहुण्यांच्या परिचयापेक्षा नक्कीच कमी वेळ लागतो.

पैशाचे काय, असा प्रश्न येईल. वर्गणी थोडी असते हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून क्रम सांगतो. कुलूप काढायला आणि चपला बाजूला लावायला पैसा लागत नाही, ते आजच करा. पहिल्या वर्षी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून आरसीसीबी बसवा. मग अग्निशामक आणि वीज गेल्यावर आपोआप लागणारा दिवा. त्यानंतर दरवाजाच्या बिजागऱ्या फिरवून घ्या. हे सगळे झाल्यावर एक चांगला माईक घ्या. मोठे स्पीकर उरल्या पैशांतून, आणि उरले नाहीत तर कार्यक्रमाचे काही अडत नाही. मंडपवाला किंवा साऊंडवाला ठरवताना भाडे विचारतो, तसे "तुमच्या बोर्डाला अर्थिंग आहे का, आरसीसीबी आहे का" हेही विचारा. दहा मंडळांनी विचारले की तो आणू लागेल.

बंधूंनो आणि भगिनींनो, भाषण ऐकून झाल्यावर चहा घ्यायला जाण्याआधी एक करा. आपण बसला आहात तेथून दुसरा दरवाजा कुठे आहे ते पाहा, आणि तो उघडतो का ते कोणीतरी जाऊन पाहून या.