घाटावरची झळ, किनाऱ्यावरचा उकाडा

मे महिन्यातल्या दुपारचे सरासरी कमाल तापमान अकोल्यात सुमारे ४२ अंश सेल्सिअस असते, तर मुंबईत कुलाब्याला ते ३३-३४ अंशांच्या पुढे सहसा जात नाही. आठ-नऊ अंशांचा हा फरक लहान नाही. तरीही बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर-चिखलीकडची माणसे मे महिन्यात मुंबईला गेली की दुसऱ्याच दिवशी गावाकडचे ऊन परवडले असे म्हणू लागतात आणि मुंबईकर वऱ्हाडात आला की दुपारी दाराबाहेर पाऊल टाकायला धजावत नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे. हवेचे तापमान ही एक गोष्ट आणि अंगाला लागणारा उन्हाळा ही दुसरी. या दोहोंमधले अंतर हवेतली वाफ आणि वारा ठरवतात.

वेधशाळेतला तापमापक पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत, सावलीत आणि जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवलेला असतो. त्याला फक्त हवेचे तापमान कळते. माणसाचे शरीर मात्र स्वतः उष्णता निर्माण करते. स्वस्थ बसलेल्या प्रौढाच्या शरीरात ती साधारण १०० वॅट या वेगाने तयार होते आणि वखर हाकताना किंवा पाट्या उचलताना तिचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांपाशी राखायचे तर ही उष्णता सतत बाहेर गेली पाहिजे. उन्हाळ्यात कातडीचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तोवर काही उष्णता आपोआप हवेत जाते. हवा ३५ च्या वर गेली की प्रवाह उलटतो आणि हवाच शरीर तापवू लागते. मग शरीराजवळ एकच उपाय उरतो, घाम.

घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक ग्रॅम घाम कातडीवर वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. तासाभरात एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर जवळपास ६७० वॅट वेगाने उष्णता बाहेर पडते. कष्टाचे काम करणाऱ्यालाही एवढे पुरते. पण जो घाम टपटप गळून जमिनीवर पडतो, त्याचा शरीराला गारव्यासाठी काहीच उपयोग होत नाही. पाणी आणि मीठ मात्र तो घेऊन जातोच.

घाम किती वेगाने वाळेल हे कातडीवरच्या वाफेचा दाब आणि हवेतल्या वाफेचा दाब यांच्या फरकावर ठरते. ३५ अंशांच्या ओल्या कातडीलगत हा दाब सुमारे ५६ हेक्टोपास्कल असतो. अकोल्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्के धरली, तर हवेतल्या वाफेचा दाब १६ हेक्टोपास्कल भरतो. म्हणजे घाम खेचून घेणारा फरक ४० चा. मुंबईतल्या ३३ अंशांच्या दुपारी आर्द्रता ६५ टक्के असेल, तर हवेतल्या वाफेचा दाब ३३ च्या जवळ जातो आणि फरक २३ एवढाच उरतो. मुंबईची हवा नऊ अंशांनी थंड असूनही घाम वाळवण्याची तिची ताकद वऱ्हाडाच्या हवेच्या जेमतेम साठ टक्के आहे. दमट हवेला लोक 'जड' म्हणतात. वस्तुतः वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असल्याने दमट हवा कोरड्या हवेहून किंचित हलकीच असते. जडपणा असतो तो न वाळलेल्या घामाचा.

१९७९ मध्ये रॉबर्ट स्टेडमन यांनी तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून 'जाणवणारे तापमान' काढण्याची रीत मांडली. तिच्यावरून तयार झालेला उष्णता निर्देशांक आज अनेक देशांत वापरला जातो. त्याच्या सूत्रात वरचे आकडे घातले, तर ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेचे उत्तर ४२ च्या जवळ येते आणि ३३ अंश व ६५ टक्क्यांचे उत्तर ४१ च्या वर. तापमापकावरचा नऊ अंशांचा फरक अंगावर एका अंशाचाही राहत नाही. मे महिन्यात वर्तमानपत्रांत गावोगावच्या कमाल तापमानाचे तक्ते छापले जातात. त्यांत आर्द्रतेचा रकाना नसेल, तर वाचकाला अर्धीच माहिती मिळते. किनाऱ्यावरच्या वाचकाच्या बाबतीत तर अर्ध्याहून कमी.

याहून साधे मोजमाप ओल्या फुग्याच्या तापमापकाचे. पाऱ्याच्या फुग्यावर भिजलेले मलमल गुंडाळले की पाणी वाळून पारा खाली येतो. तो जिथे थांबतो, तिथपर्यंतच त्या हवेत पाणी वाळवून थंड होता येते. अकोल्याच्या वरच्या उदाहरणात हा पारा २४ अंशांपर्यंत उतरतो, मुंबईत मात्र साडेसत्तावीसलाच थांबतो. हे तापमान ३५ झाले तर निरोगी माणूस सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसला तरी काही तासांत दगावेल, अशी सैद्धांतिक मर्यादा २०१० मध्ये मांडली गेली. अमेरिकेत तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर पुढे झालेल्या प्रयोगांत दमट हवेतली खरी मर्यादा ३१ च्याही थोडी खाली आढळली. म्हातारी माणसे आणि हृदयाचे रुग्ण यांच्यासाठी ती आणखी खाली धरावी लागते.

जाणवणारे तापमान सारखे निघाले म्हणून दोन्ही उन्हाळ्यांचा धोका सारखा ठरत नाही. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम येता येताच वाळतो. कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले हे लक्षातच येत नाही. शेतात काम करणारा माणूस तहान लागायची वाट पाहत राहतो आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. शिवाय वारा ४२ अंशांचा असतो. घाम मुबलक आहे तोवर तोच वारा गारवा देतो. घाम कमी पडला की तो अंगात उष्णता भरू लागतो, आणि मग ऊन लागते. वयस्क माणसांना मुळात घाम कमी येतो, म्हणून हवा ४० च्या वर असताना त्यांच्यावर नुसता पंखा सोडणे घातक ठरू शकते. आधी अंग ओल्या फडक्याने पुसावे, मग पंखा लावावा. डोके-कान दुपट्ट्याने बांधणे, पांढरे सैल कपडे, पन्हे, ताक, घराबाहेर पडण्याआधी पाणी पिणे, या विदर्भातल्या जुन्या सवयी कोरड्या उन्हाळ्याला बरोबर लागू पडतात. दुपट्टा तापलेली हवा कातडीपासून दूर ठेवतो आणि उन्हाची थेट तिरीप अडवतो. कोकणात मात्र तोच दुपट्टा घाम कोंडून ठेवील.

किनाऱ्यावरच्या हवेचा कारभार खाऱ्या वाऱ्यांच्या हाती असतो. सकाळी ऊन वाढू लागले की जमीन झपाट्याने तापते. समुद्र मात्र ढिम्म असतो. पाणी तापायला जास्त उष्णता लागते, ऊन पाण्यात खोलवर झिरपते आणि लाटा ते पाणी घुसळत राहतात. मे महिन्यात मुंबईलगत समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान ३० अंशांच्या आसपास असते आणि दिवसरात्रीत ते फारसे हलत नाही. जमिनीवरची तापलेली हवा वर चढते, तिथला दाब कमी होतो आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हे खारे वारे. रात्री जमीन समुद्राहून थंड झाली की प्रवाह उलटतो आणि मतलई वारे वाहतात. खाऱ्या वाऱ्याचा थर काहीशे मीटर ते फार तर एखादा किलोमीटर जाडीचा असतो. त्याच्याबरोबर दोन गोष्टी येतात. तो तापमान खाली दाबून ठेवतो आणि त्याच वेळी वाफ आणतो. पारा ३३ वर थांबतो त्याचे श्रेय त्याला आहे, आणि घाम वाळत नाही त्याचे कारणही तोच आहे. तरीही चालता वारा केव्हाही हवाच. तो कातडीलगतचा वाफेने भरलेला पातळ थर हटवतो. म्हणून समुद्राकडे तोंड असलेल्या गच्चीवर जे सुसह्य असते, ते दोन गल्ल्या आत, त्याच तापमानाला, असह्य होते.

खरा त्रास हा वारा उशिरा आला की होतो. मार्च-एप्रिलमध्ये कधीकधी जमिनीवरचे पूर्वेकडचे तप्त वारे जोरात असतात आणि खाऱ्या वाऱ्यांना दुपार उलटेपर्यंत आत येऊ देत नाहीत. अशा वेळी मुंबईत पारा ३८-४० वर जातो. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद आहे. किनाऱ्यापासून आत, कर्जत, महाड, भिरा या पट्ट्यात तर हा वारा रोजच उशिरा आणि थकून पोहोचतो. तिथे तापमान देशावरचे आणि दमटपणा कोकणचा, असा दुहेरी मार बसतो.

खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात जे घडले ते याच पट्ट्यातले. लाखो माणसे उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत बसली होती. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेल्याचे शासनाने जाहीर केले. नुसत्या आकड्याने पाहिले तर विदर्भात एप्रिलमधला असा दिवस सौम्य गणला गेला असता. पण थेट ऊन, दमट हवा आणि दाट गर्दीत अडलेला वारा एकत्र आले की ३८ चा अर्थ बदलतो. हवामान खाते उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० अंशांची, तर किनाऱ्यावर ३७ अंशांची किमान अट ठेवते ते याच कारणाने. उन्हातल्या कामासाठी आणि कवायतीसाठी जो निर्देशांक जगभर वापरतात, त्यात ओल्या फुग्याच्या तापमानाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० टक्के आणि साध्या तापमानाला केवळ १० टक्के वजन असते. सभा, शर्यती, यात्रा यांच्या वेळा ठरवताना आयोजकांनी हा निर्देशांक पाहिलाच पाहिजे. त्यासाठी लागणारे उपकरण मोठ्या समारंभाच्या मांडवखर्चापुढे काहीच नाही.

खारे वारे घाटमाथ्यापर्यंत येतात, क्वचित संध्याकाळी घाट ओलांडून पुण्याकडे झुळूक पाठवतात. मेहकर तालुक्यातले हिवरा आश्रम समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आत आहे. इथवर त्यांतले काही पोहोचत नाही. पेनटाकळीसारख्या जलाशयावरून येणारी गार झुळूकही काठापासून थोड्याच अंतरात विरते. बुलढाणा जिल्ह्यातल्या उन्हाळ्याचा फरक समुद्राने नाही, उंचीने ठरतो. कोरडी हवा दर १०० मीटर चढाला जवळपास एक अंशाने थंड होते. मलकापूर-शेगावचा घाटाखालचा भाग आणि बुलढाणा शहर यांच्या उंचीत साडेतीनशे ते चारशे मीटरचा फरक आहे, म्हणून घाटावर दुपार तीन-चार अंशांनी कमी तापते. बुलढाण्याला वऱ्हाडातले थंड हवेचे ठिकाण असा लौकिक मिळाला तो यामुळेच. मेहकर तालुका घाटावरच, पण बुलढाण्याहून सखल असल्याने हा लाभ इथे काहीसा कमी.

कोरड्या हवेची दुसरी देणगी रात्रीची. वाफ जमिनीची उष्णता अडवून धरते. ती कमी असली की जमीन सूर्यास्तानंतर उघड्या आभाळाकडे भराभर उष्णता सोडते. मुंबईत मे महिन्यात दिवसरात्रीच्या तापमानात सहा-सात अंशांचाच फरक पडतो, वऱ्हाडात तो चौदा-पंधराच्या घरात जातो. अंगणात बाज टाकून झोपणारा माणूस पहाटे पांघरूण ओढतो ते त्यामुळे. दिवसभर तापलेले शरीर रात्री निवणे आरोग्याच्या दृष्टीने फार मोलाचे असते. सिमेंटचे स्लॅब आणि टिनपत्रे हा लाभ घरातल्या घरात बुडवतात.

माठ आणि कूलर यांचे सारे बळ कोरडेपणात आहे. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेत चांगल्या ताट्यांचा कूलर २८-२९ अंशांची हवा देतो. मुंबईत तोच कूलर चार अंशही मुश्किलीने उतरवील आणि खोली वाफेने भरून टाकील. पण वऱ्हाडातही त्याचा हंगाम संपतो. रोहिणी नक्षत्रात, २५ मेच्या सुमारास, नवतपा सुरू होतो तेव्हा हवा बहुधा कोरडीच असते. पुढे मृगाच्या तोंडावर अरबी समुद्रावरचे वारे वाफ घेऊन येऊ लागतात आणि पाऊस मात्र अजून नसतो. पारा ३८ वर उतरतो, आर्द्रता ४५ टक्क्यांवर चढते. ओल्या फुग्याचे तापमान २४ वरून २८ वर जाते आणि जाणवणारे तापमान ४६ च्या आसपास. पारा उतरल्याचे समाधान मानावे तेव्हाच अंग चिकचिकायला लागते. अवकाळी पावसाच्या सरीनंतरही हेच घडते. ऊन परतले की ओली जमीन वाफ सोडते. या दिवसांत बंद खोलीत कूलर चालवणे चुकीचे आहे. त्याचे पाणी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. पेरणीपूर्व मशागतीची सगळी धांदल नेमकी याच पंधरवड्यात असते, म्हणून शेतमजुराला मेपेक्षा जूनचा पहिला भाग अधिक जपावा लागतो.

मान्सून स्थिरावला की आर्द्रता आणखी वाढते, तरी उकाडा ओसरतो. ढग ऊन अडवतात, तापमान तिशीच्या आसपास येते आणि वारा अखंड वाहतो. सप्टेंबरअखेर वारा पडतो, आभाळ मोकळे होते आणि ओल्या जमिनीवर पुन्हा ऊन पडते. किनाऱ्यावर खारे वारे तेव्हा क्षीण आणि उशिराचे असतात, त्यामुळे मुंबईत ऑक्टोबर हीट पारा फार न चढताही जाचते. घाटावर हवा लवकर कोरडी होते आणि दिवाळीच्या आधीच पहाटा गार होऊ लागतात.