शिकवणाऱ्याने आधी आरशात पाहावे

(विहाराच्या वर्धापन दिनी अभ्यासवर्गाचे कार्यकर्ते व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)





आम्ही काही विद्वान नाही. दहावी नापास गिरणी कामगार. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभे राहून तीस वर्षे काढली. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, डोळ्यांवर पाणी मारून. कमिटीने आम्हाला विषय दिला, 'अभ्यासवर्गातील मुले कशी सुधारतील?' आम्ही अध्यक्षांना म्हटले, मुलांचे दोष सांगायला दुसरा वक्ता बघा. आम्ही शिकवणाऱ्यांचे दोष सांगू, आणि सुरुवात स्वतःपासून करू. ते म्हणाले, बोला.

तर एक गोष्ट सांगतो. ही गोष्ट आजवर आम्ही कुणाला सांगितली नव्हती.

याच विहाराच्या ओट्यावर आम्ही मुलांना गणित शिकवीत होतो. अपूर्णांकांची बेरीज चालली होती. एक मुलगा होता, सहावीतला. त्याने फळ्यावर लिहिले, एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. आम्ही तीनदा सांगितले, त्याने तीनदा तेच केले. आम्ही रात्रपाळी करून आलेलो, डोके तापलेले. सगळ्या पोरांसमोर म्हटले, "तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का रे?" पोरं हसली. आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. आठ दिवसांनी घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "भाऊ, तो म्हणतो, काका हसतात." एवढेच बोलली. आम्ही पुष्कळ समजावले, पण पोरगा काही परत आला नाही. पुढे शाळाही सुटली. आज तो एका गॅरेजवर काम करतो. रस्त्यात भेटला की "जय भीम काका" म्हणतो आणि मान खाली घालून निघून जातो. बंधूंनो, त्याची मान खाली जाते, पण खरी खाली जायला पाहिजे ती आमची!

त्या रात्री आम्ही सगळ्या मुलांच्या वह्या घरी आणल्या. चौदा वह्या होत्या. त्यातल्या नऊ जणांनी तीच चूक केलेली. एकाने चूक केली तर चूक त्याची म्हणता येईल. चौदात नऊ जण चुकले, तर चूक कुणाची?

गिरणीत धागा सारखा तुटायला लागला तर आम्ही धाग्याला शिव्या देत नाही. खात्यात दमटपणा कमी झाला का ते बघतो, ट्रॅव्हलर झिजला का ते बघतो, मागून येणारे सूत कच्चे आहे का ते बघतो. यंत्रावर इतकी अक्कल चालवणारे आम्ही, लेकरांपुढे मात्र सगळा दोष धाग्याला देत होतो.

मग आम्ही दोन भाकरी घेऊन वर्गात गेलो. एका भाकरीची अर्धी कापली, दुसरीची तिसरा हिस्सा. विचारले, दोन्ही मिळून अर्ध्या भाकरीपेक्षा जास्त की कमी? पोरं म्हणाली, जास्त. मग एका भाकरीचे पाच भाग करून त्यातले दोन दाखवले. हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? कमी! एक मुलगी लगेच म्हणाली, "काका, मग आमचं उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?" तिची चूक तिनेच पकडली. छेद सारखे का करायचे, हे त्यानंतर समजावायला अर्धा तास पुरला. पण ज्याच्यासाठी हे सुचायला हवे होते तो वर्गात नव्हता.

मित्रहो, यालाच आजचे शिक्षणशास्त्र चिंतनशील अध्यापन आणि स्वयंमूल्यमापन म्हणते. शब्द जड आहेत, अर्थ सोपा आहे. शिकवून झाल्यावर आपणच आपल्याला विचारायचे की आज काय साधले, काय फसले, का फसले आणि उद्या काय बदलायचे.

हे काही परदेशातून आलेले नवे खूळ नव्हे. मज्झिम निकायात तथागतांनी राहुलाला केलेला उपदेश आहे. तथागत त्याला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. मग तथागत सांगतात की काया, वाचा आणि मन यांचे प्रत्येक कर्म असेच निरखून पाहावे. करण्याआधी पाहावे, करताना पाहावे आणि करून झाल्यावरही पाहावे. चूक दिसली तर ती जाणत्या सोबत्यापाशी उघड करावी आणि पुढे सावध राहावे. चांगले झाले असेल तर आनंदाने ते वाढवावे. आम्ही वर्गात जे बोललो ते वाचेचे कर्म होते. बोलण्याआधी पाहिले नाही, बोलताना पाहिले नाही. पाहिले ते पोरगा गेल्यावर.

आता बाबासाहेबांकडे या. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथे त्यांचे एक गुरू होते प्राध्यापक जॉन ड्यूई. ड्यूईंनी १९१० मध्ये 'हाऊ वी थिंक' हे पुस्तक लिहिले. माणूस विचार केव्हा करतो? कुठे तरी अडतो तेव्हा. आधी अडचण जाणवते, मग ती नेमकी कुठे आहे ते तो शोधतो, उपाय सुचवतो, त्याचा परिणाम मनात तपासतो आणि शेवटी करून बघतो. नुसता वीस वर्षांचा अनुभव कामाचा नाही. त्यावर विचार केला नाही तर तीच चूक माणूस वीस वर्षे करीत राहतो. पुढे डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली याच विचारावर पुस्तक लिहिले. काम चालू असताना करायचा विचार आणि काम झाल्यावर करायचा विचार, असे दोन भाग त्यांनी दाखवले. राहुलाला सांगितलेले आठवते ना?

आणि जोतिबांना विसरू नका. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना त्यांनी मागणी केली की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत. मुलांत मिसळणारा, त्यांच्या अडचणी ओळखणारा गुरुजी त्यांना हवा होता. आपण वस्तीतलेच आहोत, मुलांची भाषा जाणतो. ती आपली शक्ती आहे. पण वस्तीतला आहे म्हणून चांगलाच शिकवील, असे नाही. आमच्यावरून ओळखा.

आता करायचे काय? अभ्यासवर्गाच्या कार्यकर्त्यांना आम्ही चार कामे सुचवतो. एक पैसा खर्च नाही.

पहिले काम, वही. वर्ग सुटल्यावर दहा मिनिटे बसा आणि चार ओळी लिहा. काय शिकवले, कुणाला कळले नाही, कोणती चूक जास्त जणांनी केली, उद्या काय बदलणार. 'मुलांचे लक्ष नव्हते' असे लिहायला मनाई! लक्ष का नव्हते ते लिहा.

दुसरे काम, थांबणे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतले बोलणे टेपवर ऐकून मोजले. शिक्षक प्रश्न विचारतो आणि साधारण एक सेकंदच थांबतो. तो तीन सेकंद थांबला तर उत्तरे मोठी येतात, न बोलणारी मुलेही बोलतात. प्रश्न विचारा आणि मनात तीन आकडे मोजा. पुढे बसणाऱ्या दोन हुशार पोरांवरच वर्ग चालवू नका.

तिसरे काम, एकमेकांचा वर्ग बघणे. महिन्यातून एकदा एकाने शिकवावे, दुसऱ्याने मागे बसावे. किती मुले बोलली, मुलींना किती वेळा विचारले, कुणाला टोचून बोलले, एवढे टिपावे. नंतर चहा घेताना सांगावे, चारचौघांत नाही.

चौथे काम, चिठ्ठी. महिन्याच्या शेवटी मुलांनी नाव न घालता लिहावे की काय समजले नाही आणि कशाची भीती वाटते. आमच्या पहिल्या चिठ्ठ्यांत एक होती, 'काका लवकर पुसतात.' फळा! इतकी वर्षे आम्हाला ते ठाऊकच नव्हते.

मात्र दोन गोष्टींची सावधगिरी ठेवा. हे काम कागदी होऊ देऊ नका. सगळ्या चौकटींत बरोबरची खूण करून वही भरली म्हणजे मूल्यमापन झाले असे नाही. आणि स्वतःला झोडपत बसणे म्हणजेही मूल्यमापन नव्हे. मुलाच्या घरी एकच खोली असते, टीव्ही चालू असतो, बाप पिऊन येतो, याला शिक्षक काय करणार? पालकांनो, तो भाग तुमचा. दीड तास टीव्ही बंद ठेवा, 'आज काय शिकलास' एवढे रोज विचारा. पण तुमच्या चुकीमागे आम्ही लपणार नाही, आणि आमच्या चुकीमागे तुम्ही लपू नका.

शेवटी, आपण राहतो ते गाव कोणते? १९५० साली बाबासाहेबांनी याच गावात, त्या वेळच्या औरंगाबादेत, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज काढले. त्याला नाव मिळाले मिलिंद आणि त्या परिसराला नागसेनवन. मिलिंद राजा, नागसेन भिक्खू. राजा म्हणाला, चर्चा करू. नागसेनांनी अट घातली, पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर करू, राजासारखी नाही. पंडिताची चूक दाखवली तर तो ती मान्य करतो, रागावत नाही. राजाला विरोध केला की तो शिक्षा करतो. मिलिंदाने अट मान्य केली.

आम्ही त्या मुलासमोर राजासारखे वागलो. हातात खडू होता, तेवढ्यात राजे झालो! १४ जानेवारी १९९४ ला आपल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्यासाठी माणसांनी जीव दिले. त्या कमानीखालून आत जायला आपल्या वस्तीतली पोरं आधी सहावीच्या अपूर्णांकातून पार पडली पाहिजेत. एक जरी पोरगं आमच्या-तुमच्या तोंडाच्या फटकाऱ्याने या ओट्यावरून उठून गेले, तर ती कमान त्याच्यासाठी बंदच राहिली असे समजा.

उद्या संध्याकाळी अभ्यासवर्ग आहे. आम्ही आमची वही घेऊन येतो. तुम्हीही घेऊन या.

जय भीम! नमो बुद्धाय!