कला शाखेला कर्ज का द्यायचं?



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या मासिक बैठकीत शिक्षणासाठी कर्जाचे दोन अर्ज आले. एक नर्सिंगला निघालेल्या मुलीचा, दुसरा बी. ए. करू म्हणणाऱ्या मुलीचा. पहिला आम्ही पाच मिनिटांत मंजूर केला. दुसऱ्याच्या वेळी एक ताई म्हणाल्या, "आर्ट्‌स करून कुणाचं भलं झालंय?" सगळ्या हसल्या आणि अर्ज मागे पडला. हसणाऱ्यांत आम्हीही होतो.

पंधरा दिवसांनी गटातल्याच एका घरी गेलो. सून गरोदर, अंगात रक्त कमी. आशाताईंनी लोहाच्या गोळ्या वेळेवर दिलेल्या, पण पाकिटं फडताळात तशीच! दोन दिवस गोळी घेतल्यावर शौचाला काळी झाली, सून घाबरली. सासूबाई म्हणाल्या, बाळ काळं होईल. गोळ्या बंद.

गोळी चांगलीच होती. पण सगळं लोह अंगात मुरत नाही, उरलेलं शौचावाटे जातं, म्हणून रंग बदलतो, एवढं त्या घरात कुणी बसून सांगितलं नव्हतं. सासूबाईंची भीती ऐकून घ्यायलाही कुणी थांबलं नव्हतं. आम्ही तासभर बसलो, तेव्हा कुठे गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं. त्यात बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्या बाळाचे ५० किंवा जास्त श्वास झाले तर धोका. पण गावातल्या सुईणींना बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. मोजमाप विज्ञानाचंच. पण सुईणीला अडाणी न म्हणता, तिला काय येतं ते आधी विचारलं, म्हणून ते तिच्या हातात आलं.

त्याच जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी झाली. त्याचे निष्कर्ष १९८९ साली छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रियांचा कुठला ना कुठला आजार होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या शंभरात फक्त ८. आपण बायका दुखणं अंगावर काढतो, लाजेनं बोलत नाही. ही लाज कुठून आली, ती बोलती कशी करायची, हे सोनोग्राफीच्या मशीनला कळत नाही. त्यासाठी माणसांची भाषा, चालीरीती, इतिहास, मन जाणणारं कुणीतरी लागतं. कला शाखेत हेच तर शिकवतात.

म्हणून डॉक्टर नको असं आम्ही म्हणत नाही. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला, तर गाडी आणि दवाखानाच हवा. पण त्या गाडीत वेळेवर बसायला घरच्यांनी तयार व्हावं लागतं. ते काम शब्दांचं आहे.

पुढच्या बैठकीत तो अर्ज आम्ही पुन्हा काढला. एकीनं विचारलं, "नोकरी लागली नाही तर हप्ता कोण भरणार?" प्रश्न रास्त होता. गरिबाच्या घरात पैशाचा विचार करावाच लागतो. चर्चेअंती हप्ता लहान केला, मुदत वाढवली, आई जामीन राहिली. व्याज मात्र नर्सिंगच्या मुलीइतकंच. तसा ठराव वहीत लिहिला आणि सगळ्यांनी सह्या-अंगठे केले.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात असा अर्ज आला तर हसण्याआधी त्या मुलीला समोर बसवा. तिला काय शिकायचंय आणि का, ते तिच्याच तोंडून ऐका. मग ठरवा.