फी आधी विचारायची, त्यात लाज कसली?

(ओवे येथील गटांच्या मासिक बैठकीतलं क्षेत्र समन्वयकांचं बोलणं)



आज कर्जाचा हिशोब थोडा बाजूला ठेवूया. समुपदेशनाच्या फीचं बोलायचंय.

आधी माझी चूक सांगते. आपल्या एका ताईला तीन महिने नीट झोप नव्हती. मी तिला शहरातल्या एका समुपदेशकाचा नंबर दिला, पण फी विचारलीच नाही. तिथे ती पाऊण तास मन मोकळं करून बोलली, रडली. उठताना कळलं, 1200 रुपये. पर्समध्ये होते 600. शिवाय दर आठवड्याला यायचं! ती परत गेलीच नाही. मला म्हणाली, "घरातलं सगळं सांगून बसले, आणि वर उधारीही ठेवून आले गं." समाजकार्य शिकलेली मी, मान वर करवेना.

बोंबलाचा वाटा घेताना आपण आधी भाव विचारतो. कर्ज उचलताना व्याज, हप्ता, मुदत विचारतो. मग इथेच गप्प का?

नंबर मिळाला की फोनवरच विचारा. एका वेळचे किती, आणि वेळ किती? चाचणी केली तर वेगळे पैसे का? ऐनवेळी जमलं नाही तरी फी लागते का? कमी फीची सोय आहे का? किती वेळा यावं लागेल हे पहिल्या दिवशी नक्की कुणीच सांगू शकत नाही, पण अंदाज सांगता येतो. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे जाऊच नका, असं माझं मत.

2021 पासून राज्यातल्या खाजगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावावी लागते. पण एका खोलीत बसणाऱ्या समुपदेशकाकडे तसा फलक असेलच असं नाही. म्हणून तोंडानेच विचारायचं.

पैसे नसतील तर? टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर ऑक्टोबर 2022 पासून आहे. मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. शिवाय 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक आजाराचे उपचार मोफत मिळाले पाहिजेत. कार्ड हातात नसलं तरीही! हे नीट लक्षात ठेवा, कारण खिडकीवर कार्डच मागतात.

त्या ताईकडे मी पुन्हा गेले. दोघींनी मिळून 14416 लावला. तुम्हालाही फीचा फोन करायला जड वाटत असेल, तर बैठक संपल्यावर थांबा. मी लावून देते.