काचेवरची रेघ काय सांगते?

सैन्यात रायफल अडली की कोणी तिच्यावर जोर काढत नाही. ठरलेल्या क्रमाने कारण शोधायचं, ते दूर करायचं आणि पुढे जायचं. निवृत्तीनंतर तीच शिस्त मी काच पुसायच्या वायपरला, म्हणजे स्क्वीजीला लावली आहे. एकाच रबराचा पितळी स्क्वीजी अमेरिकेत एत्तोरे स्तेक्कोने यांनी बनवला आणि १९३६ साली त्याचं पेटंट घेतलं. हत्यार साधं आहे, पण सगळी मदार रबराच्या धारेवर असते.

आता क्रमाने पाहू.

दर फटक्याला एकाच जागी बारीक रेघ उमटते? आधी धार फडक्याने पुसा, कण चिकटला असेल. तरीही रेघ आली, तर त्या जागी नख फिरवा, खाच लागेल. रबर पट्टीतून काढून उलटं बसवा, नवी धार मिळते. सगळ्या धारा गेल्या की रबर बदला.

सगळीकडेच पाण्याचा पातळ थर राहतो? धार झिजून गोल झाली आहे. नवी धार काटकोनात कापलेली असते.

फक्त कडेला पाणी राहतं? रबर आखूड पडतंय. ते पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटर बाहेर हवं.

वायपर थरथरतो, करकरतो? साबणाचं पाणी कमी पडलं किंवा उन्हाने काच तापली. काच पुन्हा भिजवा. शक्यतो सावलीच्या बाजूने सुरुवात करा.

राजस्थानच्या मे महिन्यात कडक रबर चांगलं चालतं. दिल्लीच्या जानेवारीत मऊ घ्या. आणि वाळलेले पांढरे डाग बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे असतील, तर रबराला दोष देऊ नका.

हे सगळं सांगण्यामागे कारण आहे. रेघ दिसली की आपण आतून ओरडतो, "अरे, जरा दाबून पूस!" चौथ्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकलेला मुलगा मग आणखी वाकतो, आणखी जोर लावतो. जोराने रबर दुमडतं, धारेऐवजी त्याची कूस काचेवर घासते आणि काम आणखी बिघडतं. वर पैसे कापले जातात ते त्याचेच. काच साफ होते ती धारेने, दाबून नाही. म्हणून रेघ दिसली की त्याला आधी आत बोलवा आणि रबर तपासा. नव्या रबराचा खर्चही आपणच करा.

काम संपलं की रबर धुवा, पुसा आणि सावलीत टांगून ठेवा. उन्हाने त्याला चिरा पडतात, तेला-पेट्रोलने ते फुगतं. धारेवर टेकवून तर कधीच ठेवू नका.

जय हिंद.